अहिल्याबाईंच्या श्रमांचा हिशेब

अहिल्याबाई होळकर यांच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्याच महिन्याच्या ६ तारखेस राज्य मंत्रिमंडळाची बैठक जामखेड तालुक्यातील चौंडी या त्यांच्या जन्मगावी भरली. त्याच्या आदल्या वर्षी अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले होते. सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ पासून त्यांचे नाव आहे. इंदूरचे विद्यापीठ आणि तेथील विमानतळ ही तर त्यांच्या नावाने पूर्वीपासूनच ओळखली जातात. या सन्मानाबद्दल कोणी खंत करण्याचे कारण नाही. तथापि पुतळे, मिरवणुका आणि नामफलक यांच्या गर्दीत या स्त्रीच्या आयुष्यातील सर्वांत ठळक गोष्ट मागे पडत चालली आहे. ती गोष्ट म्हणजे तिने केलेले काम. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापासून सत्तराव्या वर्षापर्यंत, रोज पहाटेपासून रात्री अकरापर्यंत, घरातील एकेक माणूस डोळ्यांदेखत नाहीसे होत असताना, एका विधवा आईने आणि आजीने एक दौलत चालविली. तिला देवी म्हणून हात जोडले की हे कष्ट जणू दैवी लीला ठरतात आणि त्यांचा हिशेब मांडण्याची जबाबदारी आपल्यावर उरत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हा हिशेब मांडावासा वाटला, तर वाचकांनी तो विषयाचा दोष समजावा.

चौंडीची मुलगी

चौंडी हे सीनेच्या काठचे लहानसे गाव. हा भाग पर्जन्यछायेतला. पाऊस कमी आणि तोही भरवशाचा नाही. अशा मुलखात पाणी म्हणजे काय, विहिरीचे मोल काय आणि जनावरांच्या चाऱ्याची चिंता कशी असते, हे कोणी शिकवावे लागत नाही. माणकोजी शिंदे हे या गावचे पाटील. त्यांच्या पोटी, धनगर समाजातल्या या घरात, १७२५ मध्ये अहिल्याबाईंचा जन्म झाला. पुढे ज्या स्त्रीने हिंदुस्थानभर विहिरी, बारवा, कुंड आणि घाट बांधविले, ती अवर्षणाच्या प्रदेशात वाढलेली होती, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मल्हारराव होळकर चौंडीस मुक्कामाला असताना त्यांनी या मुलीला देवळात पाहिले आणि आपला पुत्र खंडेराव याच्यासाठी तिला मागणी घातली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. लग्नाच्या वेळी त्या जेमतेम आठ वर्षांच्या होत्या. मल्हारराव स्वतः मेंढपाळ कुळातून शिलेदारीत आणि शिलेदारीतून सरदारकीत चढलेले पुरुष होते. मनुष्य कोणत्या घरातला आहे यापेक्षा तो काय करू शकतो, हे पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती. मुलाचे लक्ष राज्यकारभारात फारसे नाही हे त्यांनी ओळखले, आणि सुनेचे आहे हेही ओळखले. सासू गौतमाबाई घरची शिस्त पाहणाऱ्या, सासरे मोहिमेवर. अशा घरात अहिल्याबाई लिहावाचायला, जमाखर्च पाहायला आणि फौजेची रसद पोचवायला शिकल्या. मल्हाररावांनी सुनेला पाठविलेली काही पत्रे उपलब्ध आहेत. १७६५ च्या सुमाराच्या या पत्रांत ग्वाल्हेरकडे तोफखाना घेऊन जाण्याविषयी आणि दारूगोळ्याची तजवीज करण्याविषयी सूचना आहेत. अठराव्या शतकातील सासरा आपल्या विधवा सुनेला तोफखान्याची कामे सांगतो, यातच त्या घराची रीत दिसते. अहिल्याबाई राज्यावर आल्या त्या अननुभवी म्हणून आल्या नाहीत. त्यांची उमेदवारी वीस-पंचवीस वर्षांची होती.

१७४५ मध्ये मालेराव हा मुलगा आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई ही मुलगी झाली. १७५४ च्या मार्च महिन्यात कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. खंडेरावांच्या अन्य स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईंनीही तयारी केली होती. परंतु मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरला. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, अशा अर्थाची त्यांची विनवणी होती. अहिल्याबाई मागे फिरल्या. ज्या काळात सती न जाणे ही कुळाची कमतरता मानली जाण्याचा संभव होता, त्या काळात एका म्हाताऱ्या सरदाराने लोकापवादापेक्षा सुनेच्या हातच्या कामाला अधिक किंमत दिली. मराठ्यांच्या इतिहासातील काही थोड्या सुज्ञ निर्णयांत या निर्णयाची गणना करावी लागेल.

पुत्रशोक आणि राज्यभार

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचा अंत झाला. सरदारकीची वस्त्रे मालेरावाला मिळाली. हा मुलगा वागण्यात अस्थिर होता, आणि त्याची बुद्धी पुढे पुरतीच ढळली. आई त्याच्या उशाशी बसून राहिली. उपचार, अनुष्ठाने सर्व झाली, पण वर्ष पुरे व्हायच्या आत, १७६७ मध्ये तो गेला.

या मृत्यूविषयी एक लोककथा अद्याप सांगितली जाते. रथाखाली वासरू मेले म्हणून न्यायनिष्ठुर आईने पोटच्या पोराला हत्तीच्या पायी दिले, अशी ती कथा आहे. तिला इतिहासाचा आधार नाही. मालेराव आजारीपणात वारला आणि आईने त्याची सेवा केली, हेच कागदपत्रांवरून दिसते. मग ही कथा लोकांना इतकी का आवडावी? राज्य करणाऱ्या स्त्रीने आपले आईपण टाकून दिले पाहिजे, अशी आपली एक छुपी समजूत आहे. पुरुषाच्या न्यायीपणाची खात्री पटण्यासाठी त्याने मुलाचा बळी द्यावा, असा हट्ट आपण सहसा धरीत नाही. अहिल्याबाईंनी आईपणही सोडले नाही आणि न्यायही सोडला नाही. हे अधिक अवघड होते आणि ते खरे होते.

मालेराव गेला तेव्हा सुतक फिटण्याआधीच राजकारण सुरू झाले. होळकरांचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा सल्ला असा होता, की एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, कारभार त्यांनी पाहावा आणि बाईंनी देवधर्म करावा. राघोबादादांचा या मसलतीला पाठिंबा होता आणि होळकरांच्या खजिन्यावर त्यांचा डोळा होता. अहिल्याबाईंनी सल्ला नाकारला. एका सरदाराची मी पत्नी आणि दुसऱ्याची आई, तेव्हा वारस ठरविण्याचा अधिकार माझा, अशी त्यांची भूमिका होती. राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठी येऊन ठाकले, तेव्हा बाईंनी इतर सरदारांना पत्रे लिहिली, तुकोजी होळकरांना फौजेसह उभे केले आणि दादांना निरोप पाठविला. आपण स्त्रीचा पराभव केलात तर कीर्ती वाढणार नाही, आणि पराभव झाला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असा त्याचा मतलब असल्याचे परंपरा सांगते. दादा समाचाराला आल्याचे निमित्त करून परत फिरले. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला.

त्यानंतरची त्यांची योजना पाहण्यासारखी आहे. तुकोजी त्यांचे सख्ख्या नात्यातले नव्हते, पण मल्हाररावांच्या विश्वासातले होते. अहिल्याबाईंनी फौज आणि दूरच्या मोहिमा त्यांच्याकडे सोपविल्या. मुलकी कारभार, वसुली आणि खजिना स्वतःकडे ठेवला. तुकोजी वयाने त्यांच्या जवळपासचे असूनही त्यांना आई म्हणून संबोधीत, असे सांगतात. पैशावरून दोघांत वारंवार खटके उडाले, तरी ही व्यवस्था सुमारे अठ्ठावीस वर्षे टिकली. पेशवाईच्या उत्तरार्धात भाऊ भावाशी आणि चुलता पुतण्याशी जमवून घेऊ शकत नव्हता, हे लक्षात घेता हा काळ थोडा नव्हे.

दिवसाचा जमाखर्च

अहिल्याबाईंच्या दिनचर्येचे जे वर्णन उपलब्ध आहे, ते त्यांच्या भाटाने लिहिलेले नाही. ते सर जॉन माल्कम या इंग्रज सेनानीने लिहिले आहे. १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा पाडाव करणारा हा मनुष्य पुढे माळव्याचा कारभार पाहू लागला आणि बाईंच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने गावोगाव चौकशी केली. लोक अतिशयोक्ती करीत असतील या शंकेने त्याने विरुद्ध पक्षाच्या माणसांनाही विचारले. १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या चौकशीचे फलित आहे.

त्यावरून असे दिसते, की बाई सूर्योदयापूर्वी तासभर उठत. स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि अन्नदान झाल्यावर स्वतः साधे शाकाहारी जेवण घेत. थोडी विश्रांती झाली की दुपारी दोनच्या सुमारास कचेरीत बसत आणि सायंकाळी सहापर्यंत काम चाले. त्यानंतर दोन-तीन तास पूजा आणि फराळ. रात्री नऊला पुन्हा कामास बसून अकराला उठत. उपवास आणि सणवार सोडले तर यात खंड नसे. कचेरीत त्या पडद्याशिवाय बसत, आणि फिर्याद घेऊन आलेल्या कोणालाही भेट मिळे. प्रथम पंचायतीकडे किंवा कामगारांकडे प्रकरण सोपवीत. तेथे समाधान झाले नाही तर स्वतः ऐकत.

या कामाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. माळव्याचा मुलूख अनेक सत्तांच्या वाटण्यांत विखुरलेला होता. फौजा सदैव फिरत असत, आणि फौज गेली की मागे पीक उरत नसे. अशा काळात शेतकऱ्याने नांगर धरावा, यासाठी त्याला दोन गोष्टींची खात्री लागते. सारा किती द्यावा लागेल हे आधी कळले पाहिजे, आणि वसुलीला पुढच्या वर्षीही तोच माणूस येईल असे वाटले पाहिजे. अहिल्याबाईंनी सारा बेताचा ठेवला, गावच्या वतनदारांचे हक्क पाळले आणि कामगार वारंवार बदलले नाहीत. इंदूरचा कारभारी वीस वर्षांहून अधिक काळ एकच होता. मक्त्याची बोली चढवून दरसाल नवा कमाविसदार आणण्याची रीत इतरत्र बोकाळत असताना हे धोरण वेगळे होते. इंदूर लहान गावाचे शहर झाले, ते याच काळात. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ, कलकत्ता येथे त्यांचे वकील असत, आणि त्यांच्याकडून आलेली पत्रे त्या वाचून घेत. महेश्वर दरबारची बातमीपत्रे पारसनिसांनी छापून ठेवली आहेत. राजकारणाच्या बातम्यांवर या दरबाराची नजर किती बारीक होती, हे त्यांतून कळते.

डोंगरवाटांवर भिल्लांचा उपद्रव होता. बाईंनी प्रथम कडक उपाय योजले, मग वेगळा विचार केला. वाटेने जाणाऱ्या मालावर थोडीशी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क होता. त्याला भिलकवडी म्हणत. तो त्यांनी मान्य केला, पडीक जमीन कसण्यास दिली आणि मोबदल्यात आपापल्या हद्दीत चोरी झाल्यास भरपाईची जबाबदारी त्यांच्यावर ठेवली. लुटारूला वाटरक्षक बनविण्याची ही युक्ती आज आपण विकासाच्या परिभाषेत शिकवतो. महेश्वरच्या कचेरीत ती अनुभवाने सुचली होती.

महेश्वरात त्यांनी विणकर आणून वसविले. आजची महेश्वरी साडी ही त्या वसाहतीची पुण्याई आहे. मध्यंतरी हा धंदा अगदी बसत आला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याला पुन्हा ऊर्जितावस्था आली. राजधानीचे राजकीय महत्त्व संपून दोन शतके उलटली, तरी मागावर पोट भरणारी घरे तेथे आहेत.

खासगी आणि दौलत

अहिल्याबाईंचे नाव सर्वतोमुखी आहे ते त्यांच्या बांधकामांमुळे. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये उभे राहिले, सोमनाथाचे १७८३ मध्ये, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये. वेरुळचे घृष्णेश्वर, काशीचे घाट, महेश्वरचा घाट, आणि याखेरीज ठिकठिकाणच्या धर्मशाळा, अन्नछत्रे, विहिरी यांची यादी द्यावयाची तर हे पान पुरणार नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच फेटाळण्याजोगा नाही. माळव्याच्या रयतेचा पैसा काशी-गयेला का खर्च व्हावा? फौज उपाशी असताना देवळे का बांधावीत? या आक्षेपाचे उत्तर खासगी या एका शब्दात आहे. पेशव्यांनी १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे काही महाल तोडून दिले होते. त्यांचे उत्पन्न वर्षाला सुमारे तीन लाख रुपये होते. होळकर घराण्यातील स्त्रीचे हे स्वतंत्र उत्पन्न, आणि याचेच नाव खासगी. गौतमाबाईंच्या मागे ते अहिल्याबाईंकडे आले. सारावसुली, फौज, तैनाती हा दौलतीचा हिशेब निराळा. देवळे, घाट, अन्नछत्रे हा खर्च खासगीतला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पैशातला. त्या राजवटीत राज्याची तिजोरी आणि राजाची तिजोरी यांत भेद करण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती. लेखापरीक्षक नव्हता, विधिमंडळ नव्हते. हा भेद एका बाईने आपल्या मनाशी केला आणि आयुष्यभर पाळला. तुकोजींकडून पैशाची मागणी आली की हा भेद किती गैरसोयीचा ठरत असेल, याची कल्पना करता येते.

आणखी एक गोष्ट. देऊळ बांधणे हा एकदाच करावयाचा खर्च आहे. दिवाबत्ती, झाडलोट, डागडुजी, अन्नछत्राची शिधासामग्री हा दरसालचा खर्च आहे. पहिला खर्च करणारे पुष्कळ असतात, कारण त्यावर नाव कोरता येते. अहिल्याबाईंनी बहुतेक ठिकाणी दुसऱ्या खर्चाचीही सोय लावली, त्यासाठी उत्पन्न नेमून दिले. शिवाय यात्रेची वाट हीच व्यापाराची वाट असते. जेथे धर्मशाळा आणि विहीर आहे, तेथे यात्रेकरू उतरतो तसा बैलांचा तांडाही उतरतो. बांधकामावरच्या पाथरवटाला आणि बेलदाराला वर्षानुवर्षे काम मिळते, हे तर आहेच. बाईंनी हे पुण्य म्हणूनच केले. ते पुण्य हिशेबी होते, इतकेच.

त्यांच्या दानात माणसापलीकडचीही जाण होती. उन्हाळ्यात महेश्वरजवळ नांगराच्या बैलांना थांबवून पाणी पाजणारी माणसे त्यांनी नेमली होती. पाखरांना राखणदार हाकलतात म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी ठेवली होती. सीनेकाठच्या दुष्काळी गावातली मुलगी येथे ओळखू येते.

विधवांच्या मालमत्तेविषयीचे त्यांचे वर्तनही याच संदर्भात पाहावे. निपुत्रिक सावकार मेला की सरकारने त्याची संपत्ती घ्यावी किंवा दत्तकाच्या परवानगीसाठी मोठा नजराणा उकळावा, ही त्या काळची सर्रास रीत होती. खरगोणच्या दोन सावकार बंधूंच्या विधवा आपली संपत्ती घेऊन बाईंकडे आल्या, तेव्हा त्यांनी ती स्वीकारली नाही. आपल्या हाताने लोकोपयोगी कामाला लावा, असे सुचविले. तुकोजींनी इंदुरात एका सावकाराच्या विधवेकडून पैसा मागितला, तेव्हा ती महेश्वरास धावली. बाईंनी तिचा हक्क मान्य केला आणि तुकोजींना शहरातून मुक्काम हलवावयास लावला. विधवेच्या पैशावर कोणाकोणाची नजर जाते, हे अहिल्याबाईंना १७६७ साली स्वानुभवाने कळले होते.

नातू, जावई, लेक

सरकारी कामात इतकी कठोर शिस्त पाळणाऱ्या या बाईंना स्वतःचा म्हणावा असा एकच ओलावा उरला होता, तो मुक्ताबाईच्या घरचा. चोर-लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असे त्यांनी जाहीर केले आणि यशवंतराव फणसे या तरुणाने ते काम केल्यावर त्याच्याशी मुक्ताबाईचे लग्न लावून दिले, असे सांगतात. कुळ आणि जहागीर न पाहता कर्तृत्व पाहण्याची ही रीत मल्हाररावांचीच होती. त्यांना नथ्याबा नावाचा मुलगा झाला. हा नातू आजीजवळ महेश्वरास वाढला. मालेरावाच्या मृत्यूनंतर रिकामा पडलेला जिव्हाळा त्याच्यावर जडला असणे स्वाभाविक होते.

१७९० च्या सुमारास, भर तारुण्यात, नातू गेला. पुढच्याच वर्षी जावई गेला. मुक्ताबाईने सती जाण्याचे ठरविले. आई तेव्हा सहासष्ट वर्षांची होती. तिने लेकीच्या पायांवर डोके ठेवले, देवाची आण घातली, मला एकटी टाकू नकोस म्हणून विनविले. मुक्ताबाईने शांतपणे सांगितले, की तुझे आता थोडे दिवस राहिले. तू गेलीस की मुलगा नाही, पती नाही, आई नाही, अशा जगण्याचे मी काय करू? या प्रश्नाला उत्तर नव्हते. अहिल्याबाई पायी नर्मदेच्या काठी गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाला उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला, त्यांनी आक्रोश केला, सुटत नाहीत म्हणून स्वतःच्याच हातांचे चावे घेतले. चिता विझल्यावर स्नान करून त्या वाड्यात गेल्या, आणि तीन दिवस अन्न नाही की शब्द नाही. त्यानंतर लेकीच्या स्मारकाचे काम त्यांनी सुरू करविले.

सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने सुनेला चितेपासून मागे आणले होते. आईला लेकीला आणता आले नाही. हिंदुस्थानच्या चारी दिशांना जिचा शब्द चालत असे, तिचा शब्द आपल्या अंगणात रूढीपुढे चालला नाही. अहिल्याबाईंनी सतीची चाल बंद केली नाही, तसा प्रयत्न केल्याचेही दिसत नाही. त्या आपल्या काळाच्या होत्या, आणि काळाने आपली पुरेपूर किंमत त्यांच्याकडून वसूल केली. त्यांना देवी म्हणताना आपण नर्मदेच्या काठचा हा आक्रोश ऐकेनासा करतो.

तीन दिवसांनी त्या पुन्हा कचेरीत आल्या. फौजेची स्थिती बिकट होती. शिंदे आणि होळकर यांचे वैर १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईपर्यंत गेले आणि होळकरांची फौज मोडली. त्यांच्या राजवटीची उणी बाजूही येथे नोंदविली पाहिजे. मुलकी कारभारात त्यांनी घडी बसविली, पण लष्कर आपल्या हाती नाही आणि त्याचा खर्च मात्र आपल्या माथी, ही अडचण त्यांना शेवटपर्यंत सोडविता आली नाही. आपल्यामागे हा कारभार कोण चालविणार, याची तरतूदही झाली नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचा देहान्त झाला. दोन वर्षांत तुकोजीही गेले, आणि वारसांच्या भांडणात माळव्याची वाताहत झाली. एका व्यक्तीच्या कष्टांवर उभा असलेला कारभार त्या व्यक्तीबरोबर संपतो, हा धडा त्यात आहे.

आजचा हिशेब

खासगीची कहाणी मात्र तेथे संपली नाही. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा खासगीचे उत्पन्न सरकारकडे गेले आणि त्याबदल्यात धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूस ठेवण्याचे कलम करारात आले. गौतमाबाईंच्या सुमारे तीन लाखांशी हा आकडा ताडून पाहावा. दोन शतकांत रुपयाचे मोल कोठून कोठे आले हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांगायला नको. १९६२ मध्ये या धर्मादायासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून पुढे वाद उद्भवला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने या संस्थेला सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू होतो असे ठरविले. म्हणजे खासगी मालकीचा पैसा लोकांसाठी वेचणाऱ्या बाईच्या मागे, तो पैसा लोकांचा आहे की खासगी, हे ठरवायला सव्वादोनशे वर्षांनी न्यायालय लागले.

आणि त्यांच्या जन्मभूमीचे काय? जामखेड, पाथर्डी या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल कोयत्याच्या हिशेबाने मिळते, आणि बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. पहाटे उठून भाकरी थापणारी, मग दिवसभर मोळ्या बांधून वाहणारी, रात्री पुन्हा चुलीपुढे बसणारी बाई त्या हिशेबात अर्धा कोयता असते. घरातील विनामोबदला कामांची स्थितीही निराळी नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीनुसार अशी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ८८ मिनिटे. राष्ट्रीय उत्पन्नात या २८९ मिनिटांची नोंद नाही. आई आणि आजी यांच्या कष्टांना माया म्हणायचे आणि हिशेबातून वगळायचे, ही आपली जुनी सवय. अहिल्याबाईंच्या कष्टांना भक्ती म्हणून तेच आपण इतिहासात केले आहे.

अहिल्याबाईंची स्तुती करणारा एक ग्रंथ एका ब्राह्मणाने रचला होता. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण सामान्य बाई आहोत, या स्तुतीला पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत टाकावयास लावला. आजच्या स्तुतीचे त्यांनी काय केले असते, हे सांगायला नको. त्यांच्या नावाच्या जिल्ह्याने त्यापेक्षा दोन कामे हाती घ्यावीत. गावोगावच्या जुन्या बारवांतील गाळ काढून त्यांच्या देखभालीचा दरसालचा खर्च अंदाजपत्रकात लावून घ्यावा. आणि ऊसतोडीच्या उचलीत बाईचे नाव व तिचा वाटा वेगळा लिहिला जाईल, अशी व्यवस्था करावी. खासगी आणि दौलत यांचे हिशेब वेगळे ठेवणाऱ्या बाईला ही नोंद समजली असती.